मनगटाला विश्रांती कशी द्यायची

माझ्याकडे येणाऱ्या माणसाला सगळ्यात आधी आवाज हवा असे. मान धरून हलकासा झटका दिला की 'कड्' असं वाजतं, तो आवाज. मोबाइलवर तसले व्हिडिओ पाहून लोक यायचे, आणि वाजलं नाही की त्यांना फसवल्यासारखं वाटायचं. रिंग रोडच्या एका साडीवाल्याची आखडलेली मान मी मोकळी केली, तो आरशात बघत दोन्हीकडे वळवून खूश झाला, आणि जाताना दारात थांबून म्हणाला, "बेन, अवाज तो आव्योज नहीं." मी त्याला समजावलं की तो आवाज हाड जागेवर बसल्याचा नसतो, सांध्यातल्या पाण्यातला हवेचा बुडबुडा फुटतो त्याचा असतो, तो आला काय आणि न आला काय. त्याने मान हलवली, म्हणजे ती हलत होती, पण पुढच्या खेपेला तो दुसऱ्या कुणाकडे तरी गेला.

सुरतेत उधन्याच्या पुलापलीकडे माझा दवाखाना होता. आधी फिजिओथेरपी शिकले, नंतर कायरोप्रॅक्टिक. म्हणजे औषध द्यायचं नाही, सुरी लावायची नाही, आपल्या हातांनी मणके, सांधे आणि त्यांच्याभोवतीचे स्नायू मोकळे करायचे. सुरुवातीला लोकांना वाटे, हे पैलवानाचं काम, ही काडीसारखी बाई काय करणार? पण यात ताकद फार लागत नाही. कुठे, कोणत्या दिशेने आणि कधी, एवढंच कळावं लागतं. ते मला कळत होतं, असं मी आज साठी ओलांडल्यावर संकोच न करता म्हणू शकते.

यंदा दवाखाना बंद केला. या अंकाच्या संपादकांनी फोन करून, तुमचे मजेदार अनुभव लिहा, असं सांगितलं. मजेदार अनुभव पुष्कळ आहेत. चार वेळा लिहायला बसले आणि चारही वेळा वैशालीवरच आले. तेव्हा आता तिच्याबद्दलच लिहिते. मजेदार नाही, हे आधीच सांगून ठेवते.

त्याआधी मनगटाबद्दल थोडं सांगायला हवं.

मनगटाच्या आतल्या बाजूला एक अरुंद बोळ असतो. खाली आणि बाजूंना लहान लहान हाडं, वर एक जाड पट्टा. या बोळातून बोटं मिटवणाऱ्या दोऱ्या जातात, आणि त्यांच्याच गर्दीत एक नस जाते. अंगठा, त्याशेजारची दोन बोटं आणि अनामिकेचा अर्धा भाग यांची जाणीव त्या नशीतून येते; अंगठ्याच्या बुडाशी जो मांसल उंचवटा आहे त्याला ताकदही तीच पुरवते. मनगट सतत मागे वाकवून त्यावर भार दिला, की दोऱ्या सुजतात, बोळ आणखी चिंचोळा होतो आणि नस चेपली जाते. आधी मुंग्या येतात, मग बोटं बधिर होतात, मग हातातून वस्तू पडतात. शेवटी तो उंचवटा वाळून सपाट होतो. तिथवर गेलेलं माणूस क्वचितच पूर्ण परत येतं.

खेळाडूंमध्ये हे दुखणं मी खूप पाहिलं. वजन उचलणारे, बॅडमिंटन खेळणारे, सायकलवाले. एक हिऱ्यांचे व्यापारी दर रविवारी सायकलवर डुमसच्या समुद्रापर्यंत जाऊन येत. त्यांची करंगळी बधिर व्हायची. करंगळीची नस वेगळी आणि तिची वाटही वेगळी, पण कारण तेच, हँडलवर रेललेला तळहात. मी त्यांची मान, कोपर, मनगट सगळं तपासलं, थोडं मोकळं केलं, आणि हँडल उंच करून घ्यायला सांगितलं. दोन-चार आठवड्यांत बरे झाले. माझ्या धंद्यातलं निम्मं यश असंच असतं. उपचार थोडा, आणि बाकी काम माणसाने नस दाबणं थांबवल्यामुळे होतं. पण त्यासाठी ते थांबवता यावं लागतं.

वैशालीला घेऊन आले ते तिचे प्रशिक्षक, हितेशभाई. स्वतः जुने वजन उचलणारे, पोट सुटलेले, फार कमी बोलणारे. दवाखान्याला दोन पायऱ्या होत्या. हितेशभाई तिची चाकांची खुर्ची उचलायला वाकले, तर मला आत तिचा आवाज ऐकू आला, "रहेवा दो, सर." तिने खुर्ची मागे वळवली, चाकं घट्ट धरली आणि पाठमोरी पायऱ्यांवर एकेक करून स्वतःला ओढून घेतलं. मग वळून आत आली. चोवीस-पंचवीस वर्षांची, तेल लावून चापून बसवलेले केस, बिनबाह्यांचा खेळाचा टी-शर्ट, आणि दंड असे की माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या पैलवानांना लाज वाटावी. नखांना लाल रंग. दंडांचा तिला अभिमान होता, लपवायची नाही.

ती चौदा वर्षांची असताना उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या, दिवशी पतंगामागे धावताना चाळीच्या धाब्यावरून पडली होती. कमरेखाली जाणीव नाही, हालचाल नाही. शाळा सुटली, पण चाकं फिरवून हात तयार झाले. अपंगांच्या एका मेळाव्यात हितेशभाईंनी ते हात पाहिले आणि तिला बाकावर पाठीवर झोपून वजन उचलायला शिकवलं. छातीवर सळई उतरवायची, क्षणभर थांबायचं आणि वर ढकलायची. राज्यात तिच्या वजनगटात तिच्या जवळपास कुणी नव्हतं. राष्ट्रीय स्पर्धेत पदक मिळालं तर खेळाडूंच्या जागेतून सरकारी नोकरी मिळू शकते, असं हितेशभाईंनी तिला सांगितलं होतं. त्यात खोटं काही नव्हतं. तशी नोकरी मिळालेली एक मुलगी त्यांच्या पाहण्यात होती.

गोडादऱ्यात तळमजल्याच्या एका खोलीत ती आई-वडिलांबरोबर राहायची. माणसं शिरपूरकडची, घरात अहिराणी. वडील लूमवर बारा-बारा तास उभे. मागांच्या खडखडाटात त्यांचे कान जवळजवळ गेले होते. आई, कमलाबाई, साड्यांच्या घडी-कारखान्यात. वैशाली घरी बसून साड्यांवर टिकल्या आणि खडे चिकटवायची. आईशी अहिराणी, सरांशी गुजराती, दुकानदाराशी हिंदी आणि माझ्याशी शाळेतलं मराठी. माझ्याशी बोलताना ती शब्द जरा नीट लावून बोलायची, जशी मुलं पाहुण्यांसमोर बसतात तशी.

तिला मी विचारलं, काय होतं? ती म्हणाली, काही नाही, सरांना उगाच वाटतं. हितेशभाई म्हणाले, सळई उजव्या हातातून सरकते. मी तिला दोन्ही हातांच्या पालथ्या बाजू एकमेकींना टेकवून मनगटं खाली वाकवून धरायला लावलं. चेपलेल्या नशीला हे फार वेळ सोसत नाही. ती माझ्याकडे बघून हसत होती आणि हसता हसता तिचा चेहरा बदलला.

"मुंग्या?"

"थोड्या."

"पहाटे हात झटकत झोपेतून उठतेस का?"

तिने हात मांडीवर ओढून घेतले. हितेशभाई तिच्याकडे बघत होते. हे तिने त्यांना सांगितलंच नव्हतं.

डोळे मिटायला लावून मी तिच्या बोटांना कापूस लावून पाहिला. करंगळी लगेच सांगायची, पण अंगठा आणि पहिली दोन बोटं चाचपडत होती. उजवीकडे जास्त, डावीकडे कमी, पण दोन्हीकडे होतंच. उजव्या अंगठ्याचा उंचवटा किंचित उतरला होता. मान तपासली, कारण ही नस निघते मानेतून आणि कधीकधी चोर तिथे असतो. मान आखडलेली होती, पण चोर मनगटातच होता.

मग मी ते वाक्य म्हणाले, जे इतकी वर्षं प्रत्येकाला म्हणत आले होते: हाताला काही दिवस पूर्ण विश्रांती द्यावी लागेल.

वैशाली म्हणाली, "ताई, पाय दुखणाऱ्या माणसाला डॉक्टर सांगतात, बसून राहा. मी तर बसलेलीच आहे. आता याच्याहून खाली कुठे बसू?"

ती चेष्टेने म्हणाली होती. हितेशभाईही हसले. मी मात्र तिच्या हातांकडे बघत राहिले. सकाळी पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून मोरीत, मोरीतून परत, सगळं तळहातांवर. रस्त्यावर जायचं ते तळहातांवर. खेळ तळहातांवर, पोट तळहातांवर. शिवाय खुर्चीत बसून बसून चामडी मरू नये म्हणून थोड्या थोड्या वेळाने हातांवर जोर देऊन स्वतःला उचलून धरायचं, तेही तळहातांवर. ज्यांना कमरेखाली कळत नाही त्यांना बसलेली जागा दुखत नाही. दुखलं नाही की माणूस हलत नाही आणि हललं नाही की जखम होते. खुर्चीवरच्या माणसाला या जखमेची भीती सर्वांत मोठी असते.

तेव्हा विश्रांतीचं मी सोडून दिलं आणि जे करता येण्यासारखं होतं ते सुरू केलं.

मनगटाची छोटी हाडं एकेक करून मोकळी करायची, हाताच्या पुढच्या भागाचे ताठरलेले स्नायू दाबून सैल करायचे, मान आणि खांदा सोडवायचा, आणि मग ती नस तिच्या वाटेत मागेपुढे सरकेल असे हाताचे सावकाश व्यायाम. झोपताना मनगट सरळ ठेवणारी पट्टी. हे माझं काम. पण खरं काम तिच्या सवयी बदलण्याचं होतं. पलंगावरून उतरताना तळहात पसरून टेकायचा नाही, मूठ वळून टेकायची, म्हणजे मनगट सरळ राहतं. चाकाला बारीक बारीक झटके द्यायचे नाहीत, एक लांब ढकल द्यायची. चाकांच्या कड्यांवर जुन्या सायकलची रबरी ट्यूब गुंडाळून घेतली, म्हणजे घट्ट धरावं लागत नाही. हितेशभाईंनी सळई तळहाताच्या बुडाशी धरायला शिकवलं, मनगटाला पट्टे बांधले आणि वजनं उतरवली. वजन उतरवलं म्हणून ती त्यांच्याशी आठवडाभर बोलली नाही.

खड्यांचं काम तिने बंद करावं असं मी कमलाबाईंना सांगितलं. त्या पदराने चेहरा पुसत म्हणाल्या, बरं. खरंच बंद केलं त्यांनी. ते त्यांना कसं परवडलं हे मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

तो हिवाळा चांगला गेला. खूप चांगला गेला. तिचं पहाटे हात झटकत उठणं थांबलं. एक दिवस दवाखान्यात शिरताच तिने बोट पुढे केलं आणि म्हणाली, काल आईच्या ब्लाउजला हूक लावताना सुई टोचली आणि मला कळलं. सुई टोचली म्हणून इतकं खूश झालेलं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. राज्य स्पर्धेत ती पहिली आली. मला पदक दाखवायला आली तेव्हा डब्यात कमलाबाईंनी केलेलं वांग्याचं भरीत आणि कळण्याच्या भाकरी होत्या. आम्ही दोघींनी तपासणीच्या टेबलावरच खाल्लं. पदक मिळाल्यावर आईने सगळ्या गल्लीत फिरवलं, माझी खुर्ची तिने ढकलली, मला चाक धरू दिलं नाही, असं ती सांगत होती. मी तिला म्हटलं, मग रोज ढकलू दे की. ती म्हणाली, रोज ढकलली तर मी खरंच अपंग होईन, ताई.

राष्ट्रीय स्पर्धेसाठी वजन वाढवणं भागच होतं. तिथे राज्यातलं वजन कुणी विचारत नाही. हितेशभाईंनी हळूहळू वाढवलं, माझ्याशी बोलून वाढवलं. पण उन्हाळा लागला तशी बोटं पुन्हा झोपू लागली. मी आठवड्यातून दोनदा बोलावू लागले. माझ्या हाताखाली मनगट मोकळं व्हायचं आणि ती दवाखान्याबाहेर पडून घरी पोचेपर्यंत चाकांनी ते पुन्हा आवळून घ्यायची. मला हे दिसत होतं. गळक्या बोटीतून पाणी उपसत बसावं तसं चाललं होतं.

मी तिला हाताच्या सर्जनकडे पाठवलं. भला माणूस. नशीची तपासणी झाली. उजवी खूप दबलेली, डावी मध्यम. त्यांनी सांगितलं, शस्त्रक्रिया करून टाका, तो वरचा पट्टा कापून बोळ मोकळा करायचा, अगदी छोटं काम आहे, त्याच दिवशी घरी. मीही तेच म्हटलं. माझ्या विद्येची हद्द कुठे संपते हे मला माहीत होतं आणि ती आता मागे पडली होती.

वैशालीने मला एकच विचारलं.

"ताई, नंतर किती दिवस हात टेकायचा नाही?"

"पाच-सहा आठवडे. भार अजिबात नाही."

"मग मला मोरीत कोण नेणार?"

मी म्हटलं, आई आहे. ती म्हणाली, आईची गेलेली कंबर तुम्हीच तपासली आहे. आणि आई सकाळी आठला जाते. बाबा? मी विचारायच्या आधी तीच म्हणाली, "चौदाव्या वर्षी बाबांनी मला उचलून नेलं तेव्हा ते भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे. मी हात तयार केले ते पदकासाठी नाही केले, ताई. त्यांना पुन्हा तसं उभं राहायला लागू नये म्हणून केले."

शेवटी ठरलं की राष्ट्रीय स्पर्धा होऊ दे, त्यानंतर लगेच उजव्या हाताची शस्त्रक्रिया. हितेशभाईंना ते पटत नव्हतं. त्यांनी तिला सांगून पाहिलं, यंदा राहू दे, पुढच्या वर्षी बघू. ती म्हणाली, पुढच्या वर्षी हात असतील याची खात्री द्या. ती त्यांना देता आली नाही, मलाही नाही. नाव मागे घेतलं असतं तरी चाकं काही थांबणार नव्हती.

स्पर्धेत काय झालं ते हितेशभाईंनी मला दवाखान्यात बसून सांगितलं. पहिलं वजन तिने सहज उचललं. दुसरंही उचललं, पण एक हात मागे राहिला म्हणून पंचांनी धरलं नाही. तिसरं वजन छातीवर उतरलं, तिथे थांबलं, आणि वर जाता जाता उजव्या अंगठ्याने सळई सोडली. बाजूला उभ्या माणसांनी झेप घेऊन धरली म्हणून बरगड्या वाचल्या. फक्त खांद्याला मार लागला. ती रडली नाही, असं ते म्हणाले. बाकावर पडल्या पडल्या स्वतःचा अंगठा डोळ्यांसमोर धरून बघत होती. एवढं सांगून ते उठले आणि मला पाठमोरे होऊन बराच वेळ भिंतीवरचं पाठीच्या कण्याचं चित्र पाहत राहिले.

शस्त्रक्रिया चांगली झाली. हे मला मुद्दाम लिहायचं आहे, कारण वाचणाऱ्याला वाटेल की कुणीतरी चुकलं. सर्जन चुकले नाहीत. जखम स्वच्छ भरली. कमलाबाईंनी घडी-कारखान्यातून रजा काढली, ती संपल्यावर शेजारच्या बाईंना दुपारी डोकावायला सांगितलं. मी खुर्चीसाठी हवेची गादी मिळवली. हात न टेकता बसलेल्या जागेवरचा भार कसा हलवायचा तेही शिकवलं: पुढे वाका, मग उजवीकडे, मग डावीकडे. सगळं बरोबर होतं. पण वैशालीच्या कमरेत ताकद नव्हती. एकदा पुढे वाकली की परत वर यायला हातच लागत. म्हणून ती डावा हात वापरू लागली. डावा आधीच दबलेला. थोड्या दिवसांत त्याची बोटंही मेली, आणि मग घरी कुणी नसताना ती वाकायचीच बंद झाली. पडले तर कोण उठवणार, म्हणून. ताठ बसून राहायची, आई येईपर्यंत.

मला हे तिने सांगितलं नाही. मी घरी गेले की म्हणायची, वाकते, वाकते. तिला वास येत होता का, हे मला कधी विचारवलं नाही. कमलाबाईंना तो आला. त्यांनी तिला पालथं झोपवून पाहिलं आणि तशाच अनवाणी रस्त्यावर येऊन मला फोन केला. फोनवर त्या अहिराणीत एवढंच म्हणत होत्या, "मनी पोर, ताई. मनी पोर."

जखम हाडापर्यंत गेली होती. मग सरकारी रुग्णालय, मग तिथून घरी, मग ताप येऊन पुन्हा रुग्णालय. महिनेच्या महिने पालथं झोपून राहायचं. पालथ्या माणसाला उठायचं, बघायचं, वळायचं तर कोपरांवर आणि हातांवरच जोर द्यावा लागतो. म्हणजे ज्या हातांसाठी हे सगळं केलं त्यांच्यावरच पुन्हा सगळं आलं. डाव्या हाताची शस्त्रक्रिया करायचं कुणी नावही काढलं नाही. कोण काढणार? उजव्या हाताची नस मोकळी झाली होती खरी, पण ती फार काळ दबून राहिलेली. अंगठ्याचा उंचवटा भरून आला नाही. तिथे आता खळगा आहे.

मी इतकी वर्षं माझ्या धंद्यात एक गोष्ट शिकले होते. बिघडलं तर मागे मागे जात राहायचं; बोटावरून मनगटावर, मनगटावरून कोपरावर, कोपरावरून मानेवर. कुठेतरी ती जागा सापडतेच. वैशालीच्या बाबतीत मी कितीदा तरी अशी मागे मागे गेले. वजन उचलायला नको होतं? मग ती नुसती चाकं फिरवत राहिली असती आणि दहा वर्षांनी तिथेच आली असती. शस्त्रक्रिया लवकर करायला हवी होती? तेव्हाही तीच खोली होती, तीच मोरी, तेच एकटं घर. शस्त्रक्रिया नकोच होती? मग अंगठा गेलाच असता. एकही जागा अशी नाही जिथे बोट ठेवून म्हणावं, इथे सोडवलं असतं तर पुढचं सुटलं असतं. माणसाला चार हात असते तर वैशालीचं निभावलं असतं, एवढंच उत्तर येतं, आणि ते काही उत्तर नव्हे.

हितेशभाई अजून मुलं तयार करतात, पण खुर्चीवरचं कुणी आलं की दुसऱ्याकडे पाठवतात. मीही दवाखाना बंद केला. वयामुळे केला असं सगळ्यांना सांगते आणि ते बव्हंशी खरं आहे. पण शेवटच्या वर्षात कुणी तरुण मूल मनगट पुढे करून बसलं आणि ते विश्रांतीचं वाक्य म्हणायची वेळ आली की मी नुसतीच हात धरून बसायचे. लोकांना वाटायचं, बेन नाडी बघतात.

गेल्या महिन्यात कमलाबाईंचा निरोप आला की ते सगळे शिरपूरकडे परत चालले आहेत. वडिलांना आता लूमवर घेत नाहीत, आणि गावी मोठ्या दिराची दोन खोल्यांची जागा आहे, माणसं आहेत. मी भेटायला गेले. खोलीतलं सामान बांधून दाराशी ठेवलं होतं. बाहेर टेम्पोवाला वडिलांशी मोठमोठ्याने बोलत होता, कारण त्यांना ऐकू येत नव्हतं. वैशाली पलंगावर पालथी होती, तोंड भिंतीकडे. दंड पार वाळले होते. नखांना मात्र कुणीतरी रंग लावून दिला होता, लाल.

मी पलंगाच्या कडेला बसले. ती म्हणाली, ताई आल्या वाटतं, चपलांच्या आवाजावरून कळलं. मग ती गावाबद्दल बोलत राहिली. तिकडे घराला उंबरा आहे, पण काका तो काढणार आहेत. मागे गोठा आहे. चुलतबहिणीचं लग्न ठरलंय. मी तिच्या उजव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटं माझ्या हातात घेतली आणि धरून बसले. ती बोलत होती. गोठ्यात सध्या एकच म्हैस आहे, असं काहीतरी.

कमलाबाई बोचकं बांधता बांधता आमच्याकडे बघत होत्या. त्या म्हणाल्या, "वैशू, ताईनी तुना हात धरेल शे ना."

वैशाली बोलायची थांबली. कोपरावर जोर देऊन तिने कशीबशी मान या बाजूला वळवली आणि माझ्या हातातल्या स्वतःच्या बोटांकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहून ओशाळल्यासारखं हसली.

"मला वाटलं, तुम्ही नुसत्याच बसल्या आहात," ती म्हणाली.

टेम्पो भरेपर्यंत ती तशीच, मान अवघडून, हाताकडे बघत राहिली. मी म्हटलं, मान दुखेल, वळव तिकडे. पण तिने वळवली नाही.